फॅमिली फोटो काढताना मुलं कंटाळतात, रडतात. त्यांनाही मजा यावी म्हणून काय करावं?

आधी वेळ बघा. मूल झोपून उठलेलं, पोटभर खाल्लेलं असतं तीच फोटोची वेळ. संध्याकाळचा उजेड कितीही सुरेख असो, मूल तेव्हा पेंगुळत असेल तर त्याचा मोह सोडा.

‘इकडे बघ, हस’ हे तर बंदच करा. त्याने नुसते ओठ ताणले जातात. त्याऐवजी काहीतरी करायला सांगा. ‘बाबांच्या कानात गुपित सांग’ म्हटलं की मूल टाचा उंचावतं, तोंडाशी हाताचा आडोसा धरतं, बाबांना गुदगुल्या होतात आणि दोघंही खळखळून हसतात. तेच टिपायचं! सगळ्यांचा एकत्र फोटो मात्र सुरुवातीलाच उरकून घ्या, नंतर मुलांचा धीर संपतो.

फोटो काढणाऱ्याने खाली बसावं, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. पळापळ चालू असेल तर शटर स्पीड (एक फोटो टिपायला कॅमेरा जेवढा वेळ घेतो तो) १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, म्हणजे फोटो हलत नाही. मोबाइलवर बर्स्ट मोड, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो काढायची सोय, वापरा. कपडे टोचणारे नकोत.

लहान मुलांना अर्धा तास पुष्कळ झाला. मूल नको म्हणालं तर खरंच थांबा, रागावू नका. अशा वेळी मी कॅमेरा त्याच्याच हातात देते (पट्टा गळ्यात अडकवून) आणि म्हणते, ‘आता तू आमचा काढ.’ आईबाबांना ‘सरका, अजून जवळ!’ असं सांगताना ते इतकं रंगून जातं की नंतर स्वतःच विचारतं, ‘आता माझी पाळी?’