घाटात ब्रेक मऊ का पडतो? दुचाकीवरच्या लांब भटकंतीची प्रश्नोत्तरे

पाऊस ओसरला की साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजचा फोन वाजायला लागतो. कुणाला लडाख, कुणाला स्पिती, कुणाला नुसतं कोकणात उतरायचं असतं. प्रश्न मात्र दरवर्षी तेच, आणि त्यामागची ऐकीव माहितीही तीच. म्हणून महिन्याभरातले प्रश्न एकत्र घेतले आहेत. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दिलेलं उत्तर अर्धंच असतं, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न (वाई): माझ्याकडे १५० सीसीची साधी गाडी आहे. लडाखला तिच्यावर जाता येईल, की मोठी घ्यावी लागेल?

जाता येईल. एकटे जा आणि सामान कमी ठेवा. दोघं बसून नको. तिथली खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानं निम्म्याच्या आसपास असतो आणि इंजिनाची ताकदही तशीच उतरते. नव्या गाडीचे पैसे वाचवून चेन-स्प्रॉकेट, टायर, केबली आणि बेअरिंग बदलून घ्या.

प्रश्न (कराड): चेनला इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल लावलं तर चालतं का?

नाही. त्यात धातूची भुकटी असते. नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावा, आणि चेन पेट्रोलनं धुऊ नका, तिच्या कड्यांतल्या रबरी ओ-रिंग खराब होतात.

प्रश्न (सातारा): ऑफ-रोडच्या सरावासाठी कासच्या सड्यावर गाडी घातली तर चालेल का? गर्दी नसते तेव्हा जाऊ.

नाही. गर्दी असो वा नसो. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे. तिथे कातळावर मातीचा थर बोटभरसुद्धा नाही, आणि फुलं येतात ती त्याच मातीत. चाकाची एक चाकोरी पडली की ती वर्षानुवर्षं भरून येत नाही. कोयना आणि चांदोलीकडच्या जंगलवाटांनाही हेच लागू आहे, तो व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. सरावाला ओळखीच्या माणसाचं पडीक रान मालकाला विचारून वापरा. जंगलालगत कुठेही जायचं असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

प्रश्न (विटा): इंपोर्टेड ऑफ-रोड टायरची जोडी निम्म्या किमतीत मिळते आहे. अजिबात वापरलेले नाहीत, नक्षी कोरी आहे. घेऊ का?

आधी टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात ते वाचा. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. गोदामात पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतं, कडक होतं, आणि ओल्या डांबरावर घसरतं. निम्म्या किमतीचं कारण बहुतेक वेळा या चार आकड्यांतच असतं. काही दुकानांत अशा टायरना काळं पॉलिश मारून ठेवतात, म्हणून चमक बघू नका. पॅटर्नच्या खाचेत अंगठ्याचं नख रोवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर तिथूनच परत फिरा. माप पुस्तिकेत दिलेलंच हवं. रुंद टायर बसवला की तो चेनला किंवा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला घासायची शक्यता असते. विकत घ्यायच्या आधी फोटो नको, टायरच मेकॅनिकला दाखवा.

प्रश्न (मेढा): आम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरतो. उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद केलं की पेट्रोल वाचतं, म्हणून तसंच करतो. मागच्या खेपेला घाट संपता संपता पुढचा ब्रेक मऊ पडला, लिव्हर मुठीला टेकला. गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल टॉप-अप करून दिलं. आता पुढच्या आठवड्यात दोघं मिळून गोव्याला निघालो आहोत. चालेल ना?

चालणार नाही. या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, म्हणून जरा लांबण लावतो.

महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे आणि पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला. चाळीसेक किलोमीटरमध्ये तुम्ही दोन माणसं, गाडी आणि सामान एवढ्या उंचीवरून खाली आणता. ते सगळं वजन कुणीतरी धरून ठेवावं लागतं. गेअरात असाल तर बरंचसं काम इंजिन करतं. न्यूट्रल केलंत की सगळा भार दोन ब्रेकांवर येतो आणि त्याची उष्णता होते. डिस्क तापते, पॅड तापतात, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर तापतो, आणि शेवटी कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल तापतं.

आता त्या ऑइलबद्दल. बहुतेक गाड्यांत डॉट ४ या प्रतीचं असतं. नवं असताना ते किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषून घेतं. जेमतेम चार टक्के पाणी मुरलं की उत्कलनबिंदू १५५ अंशांच्या आसपास येतो. लांब घाटात तापलेल्या कॅलिपरला तेवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. तुम्ही लिव्हर ओढता, बुडबुडे दबतात, आणि पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. तुमचा लिव्हर मुठीला टेकला त्याचं सर्वात संभवनीय कारण हेच. खाली येऊन गाडी थंड झाली की वाफ पुन्हा द्रव होते, ब्रेक पहिल्यासारखा लागतो, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. खरा धोका इथे आहे, कारण पुढच्या घाटात तेच परत होतं.

टॉप-अपनं काय झालं? काहीच नाही. पाणी मुरलेलं ऑइल होतं तिथेच राहिलं, वर चमचाभर नवं पडलं. उलट टॉप-अप एक महत्त्वाची खूण झाकून टाकतं. पॅड झिजतात तसे कॅलिपरमधले पिस्टन बाहेर येतात आणि हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली जाते. पातळी उतरली म्हणजे आधी पॅड बघायचे असतात. न बघता ऑइल ओतणं म्हणजे दुखणं न तपासता वरून मलम लावणं. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि पावतीवर ‘ब्रेक सर्व्हिस’ असं लिहून त्याचे पैसे घेता येतात, म्हणून ते सर्रास चालतं. मला याचा मनापासून राग आहे.

दोन वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात माझ्याबरोबरच्या एका गड्याचा ब्रेक असाच गेला. नशिबानं वळणाआधी डोंगराच्या बाजूच्या चरात त्यानं गाडी घातली, खरचटण्यावर निभावलं. निघायच्या चार दिवस आधी त्यानं एका वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करून घेतलं होतं, खिशात पावती होती. मी खाली बसून कॅलिपर पाहिला. ऑइल बदलताना ज्या छोट्या निपलमधून जुनं बाहेर काढतात, त्यावरच्या रबरी टोपीभोवती तांबडी माती वाळून घट्ट बसलेली होती, नखानं निघेना. गेल्या पावसाळ्यापासून त्या टोपीला कुणी हात लावला नव्हता. साताऱ्याला आणून आम्ही ते ऑइल पांढऱ्या बशीत काढलं. नवं ऑइल करडईच्या तेलासारखं फिकं असतं. हे काकवीसारखं काळपट होतं.

तेव्हा असं करा. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या, आणि काम चालू असताना समोर उभे राहा. डबीच्या झाकणावर कोणतं डॉट लिहिलंय तेच घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही, नाव जवळचं म्हणून दुकानदारानं दिलं तरी घेऊ नका. बाटली सीलबंद हवी. महिनाभर उघडी राहिलेली बाटली ओल पिऊन बसलेली असते. त्याच वेळी पॅडची जाडी, डिस्क आणि रबरी होज दाखवून घ्या. यापुढे दर दोन वर्षांनी बदला, गाडी कितीही कमी फिरलेली असो.

पेट्रोल वाचतं म्हणता, तेही खरं नाही. फ्युएल इंजेक्शनची गाडी गेअरात ठेवून थ्रॉटल सोडलं की उतारावर ती बहुतेक वेळ इंजिनाला जाणारं पेट्रोल तोडतेच. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवाल तर उलट आयडलिंगचं पेट्रोल जळतं. आणि इंजिनच बंद केलं तर ऑइल पंप थांबतो, गिअरबॉक्सला वंगण नीट पोचत नाही, एबीएसही (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) हाताशी राहीलच असं नाही. एवढं करून वाचलं तरी ते एका चहाच्या पैशाइतकं.

घाट चढताना जो गेअर लागतो त्याच गेअरात उतरा. ट्रकवाली जुनी माणसं हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवायची. ब्रेक सतत घासत ठेवू नका. थोडा जोरात लावा, वेग उतरवा, सोडा. पुढचा-मागचा दोन्ही वापरा. लिव्हर मऊ लागला तर घाईघाईनं दोन-तीनदा दाबा, एकेक करून गेअर उतरवा, मागचा ब्रेक लावा, डोंगराच्या बाजूला थांबा. अर्धा तास गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते. आणि मग जवळच्या मेकॅनिककडे जा, गोव्याकडे नाही.

प्रश्न (मिरज): दादा, माझा मुलगा मित्रांबरोबर मनालीहून लेहला निघालाय. लहानपणी त्याला दमा होता. कापूर हुंगत राहिलं की उंचीचा त्रास होत नाही असं मित्र म्हणतात. गोळ्याही त्यांनी आणून ठेवल्यात.

ताई, कापरानं हवेतला प्राणवायू वाढत नाही. वास बरा वाटतो, एवढंच. दम्याचा इतिहास असलेल्या मुलाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पाठवू नका. मिरजेत चांगल्या डॉक्टरांची वाण नाही. गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून नकोत, त्या सगळ्यांना चालत नाहीत.

वाटेबद्दल मी सांगू शकतो. मनालीच्या वाटेवर पुष्कळ जण सरचूला मुक्काम करतात. ते साधारण ४,३०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षाही उंच, आणि पोरं रात्रभर डोकं धरून बसतात. जमलं तर श्रीनगर-कारगिलकडून जायला सांगा, त्या वाटेनं उंची हळूहळू वाढते. लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही. चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं किंवा बसल्या जागी धाप लागणं असं काही दिसलं तर लगेच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. त्याच्या मित्रांना हे तुम्ही स्वतः सांगा.

प्रश्न (तासगाव): कच्च्या रस्त्यावर एबीएसमुळे गाडी थांबत नाही म्हणून फ्यूज काढून टाकतात. काढू का?

नका काढू. सुट्या खडीवर मागचं चाक थोडं जाम होणं कामाला येतं हे खरं, म्हणून काही ॲडव्हेंचर गाड्यांत मागचा एबीएस बंद करायचं बटण कंपनीच देते. फ्यूज काढली की पुढचाही जातो, आणि परतताना ओल्या हायवेवर ती परत घालायची आठवण कुणाला राहत नाही. तुमच्या गाडीत बटण आहे का ते पुस्तिकेत बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न (सांगली): ४० लिटरची टॉप बॉक्स घेतली आहे. त्यात किती वजन भरावं?

कॅरिअरवर लिहिलेलं असतं तेवढंच, आणि ते बऱ्याचदा पाच-सात किलोच्या आसपास असतं. ४० लिटर म्हणजे ४० किलो नव्हे. जड सामान खाली, दोन्ही बाजूंना सारखं. सामान भरल्यावर हवा आणि चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न (कोरेगाव): शनिवारी पहाटे हंपीला निघतोय. सर्व्हिसिंग झालंय. शुक्रवारी संध्याकाळी एकदा नजर टाकाल का?

शुक्रवारी संध्याकाळी काही सापडलं तर पार्ट कुठून आणायचा? गुरुवारी सकाळी गाडी घेऊन या. येताना सर्व्हिसिंगची पावती आणा, आणि ब्रेक ऑइल बदललं की नुसतं ओतलं, ते त्यांना आजच फोन करून विचारा. बदललं नसेल तर शनिवारचं निघणं रविवारवर न्या.