टॅरोचे अर्थ पाठ झालेत पण पत्ते आतून कळत नाहीत, काय करू?

पुस्तक थोडे दिवस बंदच ठेवा. ७८ पत्ते एकदम नकोत, मेजर अर्कानाचे, म्हणजे मुख्य गटातले २२ घ्या आणि रोज सकाळी एकच पत्ता समोर ठेवून दहा मिनिटं नुसतं बघा, मग डोळे मिटून त्या चित्रात शिरायचं, पायाखाली काय आहे, थंडी वाजतेय का, असं. मी आठवडाभर हर्मिट, म्हणजे एकांतवासी साधूचा पत्ताच घेऊन बसले होते (१९०९ चा रायडर-वेट डेक, पामेला कोलमन स्मिथची चित्रं), एकटेपणा एवढंच पाठ होतं, पण चौथ्या दिवशी जाणवलं की म्हातारा बर्फाच्या शिखरावर उभा आहे, म्हणजे चढून झालंय त्याचं, आणि मान खाली घालून कंदील पुढे धरलाय तो मला तरी मागून येणाऱ्यांसाठीच वाटला. जे दिसेल ते लगेच वहीत लिहा, संध्याकाळपर्यंत विसरायला होतं.