दांडी आधी

चि. पोरी,

तुझं कळलावीचं रेखाटन भिंतीला टाचलंय. फूल सुरेख. मागे वळलेल्या पाकळ्या, त्यांच्या लाटा, बाहेर फाकलेले पुंकेसर, सगळं आहे. पण दांडी कुठाय? फूल हवेत आणि पानं त्याच्याभोवती चिकटवल्यासारखी.

तू विचारतेस, देवळाच्या चौकटीवरची वेल दगडात उतरवू की खानापूरच्या रानातली. शिक्षक म्हणतात परंपरा धर, मित्र म्हणतात आता असली नक्षी कोण बघतंय. दोघांनाही राहू दे बाजूला. चौकटीवरची वेल असो नाहीतर रानातली, दांडी आधी.

जुनी चांगली चौकट नीट बघ. दांडी नागमोडी चालते, एकेका वळणाच्या पोटात एक फूल नाहीतर पान. बोट फिरवलंस तर वेल कुठून निघाली ते कळतं. फूल झिजून सपाट झालं तरी वेल जिवंत दिसते. दांडी तुटली की उरते नुसती फुलांची रांग. कळलावीचंही तसंच. ती आधाराला धरते पानाच्या टोकाने. टोकच लांबून गुंडाळतं. तू मात्र दांडीतून वेगळा ताणा काढलायस. हे फोटोवरून केलंस ना? खरं सांग. कुंपणापाशी पाच मिनिटं उभी राहिली असतीस तर झालं नसतं.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात जा. बिचिराजाने 1204 च्या सुमारास बांधलेली, रट्ट राजांच्या काळातली. मुखमंडपाच्या छतातलं कमळ खाली तोंड करून उमललंय. सगळे त्याचा फोटो काढतात. तू मान मोडेपर्यंत बघ, पाकळ्यांची वर्तुळं कुठून सुरू होतात ते शोध. तिथे दांडी दिसत नाही, तरी तिची जागा बरोबर सापडते. मग हलशी आणि देगावलाही जा, पण एका दिवसात तीन देवळं उरकू नकोस. तुम्हा पोरांची ही सवय मला अजिबात आवडत नाही.

दगडात दांडी सुटी काढायच्या नादाला लागू नकोस. मागे दगड राहू दे, कडेने खोल जा, सावलीच तिला मोकळी करेल. आधी मातीत कर. मातीत नुसती दांडी कर, पानं-फुलं नकोत. महिनाभर. कंटाळा येईल, येऊ दे.

माझ्याबरोबर शिकलेले आज मशीन लावून बंगल्यांची गेटं कापतात. गुलाब, द्राक्षं, काय सांगशील ते, फुटावर दर. मलाही एक मोठं काम आलं होतं. तोच कॅटलॉगमधला गुलाब शंभरदा मारायचा होता. मी नाही म्हटलं. घरात महिनाभर अबोला होता आणि घरच्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. पोरांच्या फिया थांबल्या होत्या. हळहळ वाटते कधीतरी. तरी तो गुलाब मी मारला नसताच. त्याला दांडीच नव्हती गं! हे तुला शिकवायला लिहितोय की स्वतःची बाजू मांडायला, देव जाणे. मांडली तर मांडली.

पाऊस ओसरला की कळलावी वरून वाळून जाते, कंद तेवढा जमिनीत राहतो. म्हणून आत्ताच जा, जांबोटीच्या वाटेवर कुंपणांत बघ. कागद-पेन्सिल ने, मोबाइल पिशवीत राहू दे. आणि वेल हाताळलीस तर डबा उघडायच्या आधी हात साबणाने धू, सगळी विषारी असते. मातीची दांडी झाली की घेऊन ये. फूल आणलंस तर दारातूनच परत पाठवीन.

तुझा,
काका