उपक्रम नंतर घ्या, आधी मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ सोडून बघा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाणी प्या म्हणून सांगून तुम्ही थकलात, सातवीच्या मुलींच्या बाटल्या भरून येतात तशाच घरी जातात, आणि त्यांना पाण्याचं महत्त्व पटेल असा उपक्रम तुम्हाला हवाय. याच प्रश्नात माझं दीड वर्ष गेलंय, म्हणून जरा लांबलचक लिहिते. हात धुण्याच्या पायऱ्या, जेवणाआधी, शौचानंतर, हे सगळं तुम्ही घेतच असणार. त्यात शिरत नाही.

उपक्रम मीही घेतला होता आणि तीच माझी सगळ्यात मोठी चूक. आमची जिल्हा परिषदेची शाळा बीडकडच्या टँकरच्या पट्ट्यात, सातवीपर्यंत. २०२१ च्या ऑक्टोबरात वरचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा साबण होता, सॅनिटायझर होतं, भिंतीवर हात धुण्याची चित्रं होती. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केल्याचं वाचलं होतं, ती कल्पना मी उचलली. दिवसातून तीनदा घंटा, आणि शाळा सुटताना ज्याची बाटली रिकामी त्याच्या नावापुढे फळ्यावर चांदणी. पंधरा दिवसांत सातवीच्या मुलींपुढे चांदण्यांची रांग लागली. परिपाठात मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

मग फेब्रुवारीत एका दुपारी सहज शाळेमागच्या कडुलिंबाकडे गेले. सगळीकडे जमीन भेगाळलेली आणि बुंध्याशी मात्र ताटाएवढा ओला चिखल. त्यात चपलांचे ताजे ठसे, लहान मापाचे. मुली तिथे बाटल्या ओतून यायच्या.

मी त्यांना वर्गात उभं करून खोटेपणाबद्दल बोलले. सगळ्या माना खाली. एकीनेही कारण सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. त्याच आठवड्यात त्यांच्यातली एक शाळेत येईना. घरी गेले तर पोर तापाने फणफणलेली, लघवीला जळजळ, डॉक्टरांनी संसर्ग सांगितलेला. तिची आई भाकरी थापत होती. थापता थापता, वर न बघता म्हणाली, "मॅडम, पानी पी पी म्हन्ता, पन पोरीनं जायचं कुठं?"

शाळेत स्वच्छतागृह होतं. दारावर फुलपाखरं रंगवलेली. आत नळ होता, नळाला पाणी नव्हतं. सकाळी दहा ते पाच, शिवाय येण्याजाण्याचा वेळ, मुली तहान मारून बसायच्या. कारण पाणी प्यायलं तर जावं लागतं. पाळीच्या दिवसांत तर शाळाच बुडवायच्या. आणि मी? शेजारच्या घरी माझी सोय मी लावून घेतली होती, त्यामुळे ते दार कित्येक महिने उघडून पाहिलं नव्हतं. पाण्याचं महत्त्व त्या मुलींना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, ताई. टँकर आला की हंडे घेऊन त्याच तर पळतात.

पुढचं वर्ष एका कार्यालयात गेलं. नाव लिहीत नाही. आमच्याकडे बोअर होता, मोटर होती, गच्चीवर टाकीसुद्धा होती. टाकीपासून स्वच्छतागृहापर्यंतचा साठ फूट पाइप तेवढा नव्हता. एका टेबलावर सांगायचे, पाण्याचं काम आमचं नाही. दुसऱ्या टेबलावर सांगायचे, इमारतीच्या आतलं काम आमचं नाही. प्रत्येक खेपेला अर्धी रजा आणि एसटीचं भाडं. अर्ज दिला की आवक क्रमांक मिळायचा आणि पुढच्या खेपेला तो अर्ज सापडायचा नाही. साठ फूट पाइप! चौथ्या की पाचव्या खेपेला एकाने संगणकात बघून सांगितलं, "तुमच्या शाळेत स्वच्छतागृह वापरात आहे, पाणीही आहे, असंच दिसतंय इथं." यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सोयींच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, ती माहिती आमच्याच शाळेने भरलेली होती. नेहमीसारखं 'होय', 'होय'. त्या दिवशी एसटीत मला रडू आलं.

म्हणून सांगते, कुठेही अर्ज करण्याआधी यू-डायसमध्ये तुमच्या शाळेचं काय भरलंय ते बघा. चुकीचं असेल तर मुख्याध्यापकांना सांगून खरं भरून घ्या, तपासणीत गुण कमी झाले तरी. आणि कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत बसू नका, ग्रामपंचायतीकडे जा. आमचं काम तिथूनच झालं. ग्रामपंचायतीला केंद्राकडून मिळणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. ग्रामसभेत तो विषय मी नाही, आयांनी मांडला. मी मांडला असता तर 'मॅडमचं काम' झालं असतं. शिवाय समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, ते रंगरंगोटीत जाऊ देऊ नका. नियम बदलत असतात, तेव्हा सध्याचं परिपत्रक एकदा वाचून घ्या.

पाइप येईपर्यंत स्वच्छतागृहात दोनशे लिटरचं एक पिंप, बादली, मग, आतून लागणारी कडी आणि झाकणाची कचरापेटी, एवढं ठेवलं. पिंप भरायची पाळी मुलामुलींची मिळून लावा. पाणी भरणं म्हणजे मुलींचंच काम, हेही मुलं शाळेतच शिकतात. स्वच्छतागृह विद्यार्थ्यांकडून धुऊन घेऊ नका, यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटलेत, पण माझं मत ठाम आहे. पिंप ठेवल्यावर आठवड्याभरात मुली मधल्या सुट्टीत पाणी पिऊ लागल्या. घंटा मी बंद केली.

यानंतर शिकवायचं ते शिकवा, मग ते रुजतं. मला उपयोगी पडलेलं एकच सांगते. तेलात हळद कालवून मुलांच्या हाताला चोळा. अर्ध्यांनी नुसत्या पाण्याने धुवायचं, अर्ध्यांनी साबणाने, दोघांनीही वीस सेकंद. नुसत्या पाणीवाल्यांच्या नखांच्या कडेला आणि अंगठ्याच्या बेचक्यात पिवळं राहतं. आमच्या एका पोराने तो पिवळा अंगठा नेऊन आजीला दाखवला. खिचडीच्या आधी हात धुवा, हे त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय, हेही सरळ शब्दांत सांगा, मुलं लाजत नाहीत, आपणच लाजतो. मी डॉक्टर नाही. जळजळ, ताप, कंबरदुखी असेल तर नुसतं पाणी पाजत बसू नका, आरोग्य केंद्रात पाठवा.

पिण्याच्या पिंपात ग्लास बुडवू देऊ नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली एवढ्यावर विश्वासू नका, आरोग्यसेवकाकडून क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट समोर करून घ्या, तिचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तरच त्यात क्लोरीन आहे. हात धुण्याचा साबण उघडा ठेवला तर कावळे नेतात, जुन्या मोज्यात घालून नळाला बांधा.

उद्या शाळेत गेलात की मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार स्वतः उघडा, आत जा, कडी लावून बघा, नळ सोडून बघा. मुलींशी बोलताना सर लोक नकोत आणि बाटलीचा विषय काढू नका, "तुम्ही कुठे जाता?" एवढंच विचारा. तुमच्याकडे बोअर आहे की टँकर, ते इथे कळवा. बोअर असेल तर आमच्या ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा आणि पाइपजोडणीचा अंदाजे खर्च माझ्याकडे लिहिलेला आहे, तो टाकते.