यावलजवळ राहून, क्लास न लावता जलरंगात निसर्गचित्र शिकता येईल का? माझा केळीचा हिरवा नेहमी कच्चा दिसतो.

नक्की येईल. उत्तरेला सातपुडा रोज समोर असताना क्लास नाही म्हणून अडून बसू नका. सकाळी आधी पेन्सिलच घ्या आणि आकाश, डोंगर, शेत एवढे तीनच भाग पाडा. सगळ्यात गडद कोणता, सगळ्यात फिका कोणता, ते ठरवा. रंग थोडा चुकला तरी चित्र सावरतं, गडद-फिकं चुकलं की काही खरं नाही.

लांबचा डोंगर निळसर दिसतो, कारण मधल्या हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो. तिथे अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि भरपूर पाणी.

आता केळी. ट्यूबमधला हिरवा थेट लावू नका. बागेच्या बांधावर बसून एकच पान बघा: ऊन आरपार येतं तिथे ते पिवळट पोपटी, आकाशाकडे वळलेल्या भागावर निळसर चमक, वाऱ्याने फाटलेल्या पट्ट्यांच्या कडा वाळून तपकिरी. हे तिन्ही शेजारी शेजारी लावा, मग हिरव्यातला कच्चेपणा जातो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पसरेपर्यंत वाळतो. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडच घ्या, मागूनही ओला करा, नऊच्या आत उरका.

तोरणमाळ, पाटणादेवीला चित्रं काढायला जाणं सवडीने होईल. चाळीसगावला गेलात तर केकी मूस (१९१२–१९८९) यांचं कलादालन मात्र चुकवू नका. ते मुख्यतः छायाचित्रकार, पण उजेड कुठून घ्यायचा हे तिथे फार छान कळतं. कागद महाग पडत असेल तर पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून घ्या, सुरुवातीला तेवढे पुरतात.