रिव्हर्स लुकअपमधलं नाव बघून नोटीस पाठवू नका (मी त्याहून वाईट केलंय)

एकच आयपी (इंटरनेटवरचा मशीनचा पत्ता) रोज शेकडो वेळा साइटवर येतोय, रिव्हर्स लुकअपमध्ये (आयपीवरून नाव शोधलं की) ऐरोलीच्या ओळखीच्या कंपनीचं नाव दिसतंय, म्हणून त्यांना नोटीस धाडायची, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळाच आला. जरा थांबा.

नौपाड्यात बहिणीचे क्लासेस आहेत, त्यांची साइट मी बघायचो. एडब्ल्यूस्टॅट्समध्ये (साइटवर कोण आलं ते दाखवणारं सॉफ्टवेअर) एक होस्टनेम (मशीनचं नाव) सारखं वर येऊ लागलं. सुरुवातीला ‘मेल’ आणि पुढे गोखले रोडवरच्या दुसऱ्या क्लासचं डोमेन! रात्री दोन ते चार, नेमकं आमचं फीचं पान. होस्टिंगवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन केला, तर तिथला मुलगा म्हणाला, "नाव तर स्पष्ट दिसतंय ना सर, त्यांचंच आहे." झालं. मी प्रिंटआउट घेऊन थेट त्या सरांच्या दारात. ते बहिणीचे शाळेतले शिक्षक, हे मला माहीत होतं, तरी गेलो.

सरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या मुलाने सांगितलं की तो सर्व्हर त्यांनी दीड वर्षापूर्वीच सोडला. तो आयपी पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेला, पण पीटीआर नोंद (त्या आयपीचं नाव काय ते सांगणारी) कुणी पुसलीच नाही. भाडेकरू बदलला, पाटी जुनीच. दिवाळीला मी फराळ घेऊन गेलो. डबा घेतला, आत या म्हणाले नाहीत.

पीटीआर नोंद आयपीचा ब्लॉक ज्याच्याकडे असतो त्याच्या हातात असते, डोमेनच्या मालकाच्या नाही. तो तिथे वाटेल ते लिहू शकतो, अगदी ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हेच मशीन’) सुद्धा. म्हणून आलेलं नाव उलट फिरवून बघायचं: त्या नावाचा आयपी तोच येतो का? सरांच्या ‘मेल’चा आयपी भलताच आला असता. अर्ध्या मिनिटाचं काम, मी केलं नाही. आणि दोन्ही बाजू जुळल्या तरी कळतं ते मशीन कुणाच्या नावावर आहे एवढंच. ते कोण चालवतंय, हे नाही.

गूगलबॉट (गूगलचा साइट वाचत फिरणारा प्रोग्रॅम) म्हणवणाऱ्यांचंही असंच तपासा. गूगल स्वतः हीच उलटसुलट पद्धत सांगतं. नाव गूगलबॉट.कॉम किंवा गूगल.कॉम ने *संपलं* पाहिजे, नुसतं मध्ये कुठेतरी असून चालत नाही.

शिवाय लुकअप आज केलं तर आजचं नाव मिळतं, लॉगच्या (साइटवरच्या भेटींच्या नोंदींच्या) तारखेचं नव्हे. दोन-तीन महिन्यांपूर्वीचा लॉग असेल तर त्या नावावर काहीच बांधू नका.

विचित्र आकड्यांबद्दल थोडं. १२७.०.०.१ किंवा १०, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते दिसले तर बहुतेक वेळा पुढे प्रॉक्सी (विनंत्या मध्ये घेऊन पुढे देणारा सर्व्हर) आहे आणि खरा पत्ता विनंतीसोबतच्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर या नोंदीत आहे. १७२.१६ ते १७२.३१ खासगी (आतल्या नेटवर्कचे), पण १७२.६४ क्लाउडफ्लेअरचा (साइटपुढे प्रॉक्सी पुरवणारी कंपनी). मी तो खासगी समजून सोडून दिला होता, ही वेगळी फजिती. आणि मोबाइल कंपन्यांच्या एका आयपीमागे असंख्य ग्राहक असतात, त्यामुळे आख्खी रेंज ब्लॉक केलीत तर पालकांचे फोन येतील.

तक्रार करायचीच असेल तर व्हूइजमध्ये (आयपी कुणाकडे आहे त्याची जाहीर नोंद) त्या आयपीसाठी दिलेल्या अब्यूज (गैरवापराच्या तक्रारींच्या) मेलवर करा, वेळेसह लॉगच्या ओळी जोडून. उत्तर येईलच असं नाही. आमच्या हेल्पलाइनने मला अकरा दिवस "डोमेनवाल्यांना विचारा" एवढंच ऐकवलं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. शेवटी मी फीच्या पानावर मिनिटाला ठरावीक विनंत्यांची मर्यादा घातली, तेव्हा त्रास थांबला.

(मी वकील नाही. नोटिशीचं वकिलालाच विचारा.)

त्या आयपीच्या पाच-सहा ओळी इथे टाका, यूजर एजंटसकट (आलेला ब्राउझर किंवा बॉट स्वतःचं जे नाव सांगतो ते). पत्त्याचा शेवटचा आकडा आणि कंपनीचं नाव तेवढं झाका.