आधी बाबांना सांग

मिरज, रविवार

प्रिय बाळा, सलाम.

तुझं पत्र उपासनेहून आल्यावर परत एकदा वाचलं. कुपवाडच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारा पोरगा केनियातल्या मिशन दवाखान्यात जायचं म्हणतो, आणि वर मलाच विचारतो, "मावशी, मला चारचौघांत धड प्रार्थनाही करता येत नाही. हे पाचारण, देवाचं हे बोलावणं, माझंच कशावरून?"

कशावरून ते मी कोण सांगणार! पण प्रवचनाची काळजी सोड. ऑपरेशन चालू असताना वीज जाते आणि जनरेटर उचलत नाही, तेव्हा प्रवचनकाराला कुणी शोधत नाही. अकरा वर्षं तिकडे नर्स होते मी. टॉर्चच्या उजेडात टाके घातलेले पाहिलेत.

आपल्याकडे मिशनरी म्हणजे बाहेरून येणारा माणूस. इथून कुणी जायचं म्हटलं की घरचेच हसतात. तू रोज वॉनलेसवाडीवरून जातोस. ज्यांच्या नावाची ती वाडी, ते कॅनडात जन्मलेले डॉक्टर वॉनलेस १८८९ मध्ये सांगलीत आले आणि मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं १८९४ मध्ये. मधल्या पाच वर्षांबद्दल वर्धापनदिनाला कुणी बोलत नाही. मला मात्र तीच वर्षं महत्त्वाची वाटतात. परकी भाषा, परकं जेवण, आणि "हे इथे कशाला आलेत" अशी लोकांची नजर. तुझ्याही वाट्याला ती येणार.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय सावकाश वाच. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाला बिथुनियात जायचं होतं, वाट अडली. मग त्रोवसला रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा एक पुरुष मदतीला बोलावताना दिसला. पौल गेला, तर फिलिप्पैत नदीकाठी भेटल्या त्या बायका, आणि ऐकून विश्वास ठेवला जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियेनं. दृष्टान्तातला तो पुरुष पुढे कुठे भेटलाच नाही! तेव्हा मनात रंगवलेलं चित्र घेऊन जाऊ नकोस. तिकडे गेल्यावर जनरेटरऐवजी पाण्याचा पंप हातात देतील, कदाचित औषधांच्या खोक्यांचा हिशेबही.

आता माझी चूक सांगते. मी पासपोर्ट हातात आल्यावर वडिलांना सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते उठून अंगणात गेले. त्यानंतर प्रत्येक पत्रात तब्येतीची चौकशी असायची, कामाची कधीच नाही. त्याच पुस्तकात अंत्युखियाच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, उपास-प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौलाला, म्हणजे याच पौलाला, पाठवलं. ते आपले आपण निघाले नाहीत. तूही आधी बाबांना सांग, मग पाळकसाहेबांना. घराच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार, हेही त्याच बैठकीत बोल. तुझ्या हाती येतील ते पैसे तिथल्या राहण्याखाण्यापुरते. विषय लाजेचा नाही. आणि पाठवणारी मंडळी किती वर्षांसाठी, काय देणार, ते लेखी घे. देवावर विश्वास आहे म्हणून कागद नको, असं म्हणणारे मला नेहमी घाबरवतात.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, लस घेतल्याचं पिवळं कार्ड जपून ठेव. मलेरियाची मच्छरदाणी कंटाळा न करता लाव.

स्वाहिली आतापासून शीक. चहाला चाय, पोळीला चपाती, गाडीला गारी, एवढं तर तुला फुकटच येतं. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली महिनाभर घशाखाली उतरणार नाही, नंतर त्याच्यावाचून जेवल्यासारखं वाटणार नाही. आणि एक गंमत: तिथे मला सगळे "दादा" म्हणायचे. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण! तुला "काका" म्हणतील, म्हणजे भाऊ. वय झालं की काय म्हणून आरशात बघू नकोस.

शनिवारी संध्याकाळी ये. बाबांना घेऊन ये, एकटा आलास तर दार उघडणार नाही. येताना सांगलीचं भडंग आण, लसूण जास्त घातलेलं.

तुझी,
मावशी